चारशे बारा नंबरचा अर्फज

जहराच्या पश्चिमेला, तारेच्या आत,
प्रत्येक झुडपाच्या बुंध्याशी ॲल्युमिनियमचा बिल्ला.
बिल्ले मी ठोकले, एक ते सहाशे एकोणचाळीस.
रजिस्टर माझ्याकडे, शिसपेन माझ्याकडे,
पाण्याचा कॅनही माझ्याकडे. पण ते पाणी माझ्यापुरतं.
अर्फजला घालायचं नाही.
"लाडावला की मरतो," डॉक्टर बदरिया म्हणते.

माझं आडनाव पावसकर.
अर्थ सांगितला तेव्हा ती हसली होती,
मग आभाळाकडे बघून गप्प झाली.

कायदा अरबीत, चौदा पानी.
ऑफिसातल्या कुंजुमोनने मला तो मोडक्या हिंदीत वाचून दाखवला.
उपटू नये. तोडू नये. गाडी घालू नये.
उंट सोडू नयेत, तंबू ठोकू नये.
आणि सातव्या कलमाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
वाळून मेलेलं लाकूड
सरपणासाठी उचलायला हरकत नाही.

लिहिणारा मार्चमध्ये आला असणार,
माळभर पिवळी फुलं असताना.

त्याने जुलैत यावं.
जुलैत सहाशे एकोणचाळीसच्या सहाशे एकोणचाळीस
मेलेले असतात.
पान नाही, काड्या हाडांसारख्या पांढुरक्या,
हात लावला की कट्कन मोडतात.
पहिल्या वर्षी मीही रजिस्टरात
मृत, मृत, मृत लिहीत पान संपवलं होतं.
डॉक्टरने एका काडीची साल नखाने खरवडली.
आत हिरवी रेघ, सुईत ओवता येईल एवढी.
बोलली काही नाही. खोडरबर पुढे केला.

चारशे बारा गेला तो जुलैतच.
तीन दगड, काळी किटली,
अजून ऊन असलेली राख, राखेत वाकडा झालेला बिल्ला,
आणि शेजारी उकिडवा बसलेला इद्रीस,
तारेपलीकडच्या मेंढ्यांचा राखणदार, सुदानचा.
"मेलेला होता," तो म्हणाला.
मलाही अर्धा कप दिला. मी प्यायलो.
हे रिपोर्टात नाही.

दंड त्याच्या पाच पगारांएवढा.
इन्स्पेक्टर आला, टाचेने राख उकरली, विचारलं,
झुडूप जिवंत होतं की मेलेलं?
पुरावा तर चहात गेला होता.

मला तेव्हा आमचा सडा आठवला, राजापूरचा.
सातबाऱ्यावर त्याचं एकाच शब्दात वर्णन: पोटखराबा.
त्या पोटखराब्यात दर भाद्रपदात
सीतेची आसवं फुलायची, गुडघ्याएवढीही नाहीत,
जांभळी, मोजता न येणारी.
चिरेखाणवाल्याने कागद आणला तो वैशाखात.
बाबांनी बाहेर बघितलं. नुसता कातळ.
सही करायला किती वेळ लागणार?
तिथे बिल्ले ठोकायला कुणी नव्हतं,
मी इथे होतो.

इन्स्पेक्टरने रजिस्टर मागितलं.
चारशे बाराची ओळ उजेडाकडे धरली.
खोडलेल्या जागेवर जिवंत लिहिलेलं,
आणि त्याच्याखाली, कागदात रुतलेलं,
माझ्याच हातचं मृत.
त्याने माझ्याकडे बघितलं, इद्रीसकडे बघितलं,
सातवं कलम मनातल्या मनात वाचलं असावं.
"हलास," म्हणाला, आणि गाडीत बसला.

डॉक्टर पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही.
मग तिने मंत्रालयाला पत्र लिहिलं,
ते एक वाक्य काढा म्हणून.
पत्राला आवक क्रमांक मिळाला आहे.

चारशे बारा नंबर मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.
रजिस्टरात ती ओळ कोरी आहे.

इद्रीसने गॅसची शेगडी घेतली, जुनी, गळकी.
आता मेंढ्या हाकताना तो तारेतून हात घालतो,
एखादी काडी नखाने खरवडतो,
डोळ्याशी नेतो,
आणि माझ्याकडे वळून ओरडतो: आहे!

झाडाला हात लावणं, तेही नियमात बसत नाही.
मी लिहीत नाही.